डाव्या हाताचा कंदील

आमच्या घरचा आकाशकंदील दरवर्षी हेच करायचे. कामट्या, पतंगाचा कागद आणि वाटीभर खळ एवढ्यावर त्यांची दिवाळी सुरू व्हायची. वैशाखात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा हात लुळा पडला. यंदा कंदील विकत आणायचा, असं मी ठरवून टाकलं. त्यांना विचारलं मात्र नाही.

वसुबारसेच्या सकाळी स्वयंपाकघरातून बाहेर आले, तर हे जमिनीवर बसलेले. आमची मंजू कागद धरून होती आणि हे डाव्या हाताने कात्री चालवत होते. कागद फाटला. दुसरा घेतला, तोही तिरका कापला गेला.

"बाबा, मी कापते ना," मंजू म्हणाली.

"तू फक्त ताणून धर."

मदतीला जावंसं वाटलं, पण मी दारातच थांबले. इतके महिने मी त्यांच्या सदऱ्याची बटणंसुद्धा लावत होते आणि त्यालाच काळजी समजत होते. माणसाला त्याच्या हाताने चुकू देणं हीही माया असते, हे त्या फाटक्या कागदांकडे बघताना कळलं.

संध्याकाळी कंदील गॅलरीत लागला. चांगलाच कललेला होता, पण उजेड सगळीकडून सारखा पडत होता. हे बराच वेळ वर बघत राहिले.

"मंजू, थोडा कागद उरलाय का?" त्यांनी विचारलं. "उद्या शेजारच्या काकूंना एक करून देऊ. आता हात बसलाय."