पोरानं उचललेला बेल-भंडार

माझा धाकटा पोरगा नशेच्या गोळ्यांतून सुटला, त्यात माझा हात नाही. हे आधीच लिहून टाकतो, कारण लोक अजून मला म्हणतात, तुम्ही कडक होता म्हणून पोरगं वाचलं. मी ऐकून घेतो.

तेव्हा तो सोळाचा होता, अकरावीला. मी गुलमंडीवर कापडाच्या दुकानात गठ्ठे उचलायचो. शाळा माझी तिसरीपर्यंत. बाप मेंढरं वळायचा, पोलीस ॲक्शननंतर दोन सालांनी मी झालो, आणि आमच्या भावकीत शहरात पक्कं घर बांधणारा पहिला मीच. तर दिवाळी झाल्यावर कूलर माळ्यावर टाकायचा म्हणून मी त्याची टाकी पुसायला घेतली. आत गोळ्यांची रिकामी पाकिटं, ओंजळभर. झोपेच्या गोळ्या. पोरं त्याला बटन म्हणायची.

मी पोराला दोन ठेवून दिल्या. दुसऱ्या दिवशी एसटीत घालून गावी नेलं, वैजापूरकडं. आमच्यात शब्द देवापुढं देतात. बिरोबापुढं भावकी बसवली, पोराच्या हातावर बेलाचं पान आणि भंडारा ठेवला, आणि तो उचलून त्यानं शपथ घेतली की पुन्हा गोळीला शिवणार नाही. बेल-भंडार उचललेला माणूस फिरला तर भावकीत त्याला कोणी पाणी विचारत नाही. बांधाची भांडणं आम्ही अशीच मिटवली, कोर्टाची पायरी चढलो नाही. मला वाटलं, हेही मिटलं.

घरी आल्यावर त्याची माय म्हणाली, "आता दवाखान्यात दाखवू."

"कशाला? देवापुढं शब्द दिलाय त्यानं."

"शब्द त्यानं दिला. अंगानं कुठं दिलाय? हात बघा कसे थरथरत्यात त्याचे."

"दवाखान्यात नेलंस तर बिरोबाला खोटं पाडलं म्हणून समज."

पुढच्या सोमवारपासून ती पोराला घेऊन वेरूळला जायला लागली, घृष्णेश्वराच्या दर्शनाला. एक सोमवार चुकवला नाही. मला लई बरं वाटलं. दुकानात सांगायचो, पोरगं देवाला लागलं.

अडीच महिने सरळ गेले. पोरगं पोटभर जेवायला लागलं, तोंडावर उजेड आला. एका सकाळी मी भाकरी खात होतो, तो समोर येऊन बसला.

"बा, एक सांगायचं होतं."

"बोल."

"तुमी चिडताल."

मी त्याच्याकडं पाहिलं. मला तेव्हाच कळलं होतं, असं आज वाटतं. मी म्हणालो, "शपथेचं काय असंल तर तोंड उघडू नको. भंडारा मोडलेलं पोरगं माझ्या घरात नाय राहणार. दुसरं काय असंल तर सांग."

तो माझ्या ताटाकडं बघत बसला. मग म्हणाला, "सायकलची चेन सारखी उतरती."

"मग दुकानात टाक की. एवढ्यासाठी तोंड पाडतो व्हय?" मी हसलोसुद्धा.

तो उठून गेला.

त्यानंतर तीन आठवड्यांनी तो कॉलेजच्या मागं पडलेला सापडला. दुकानात निरोप आला, मी दवाखान्यात पळालो. पोरगं शुद्धीवर नव्हतं. पलंगाशी त्याची माय, आणि शेजारी एक बाई. व्यसन सोडायला आलेल्या पोरांशी आणि त्यांच्या आईबापांशी बोलायचं तिचं काम. वयानं माझ्या पोरीएवढी.

"तुम्ही वडील का? एकदा तरी यायचं होतं, काका. याची आई दर सोमवारी येते."

मी बायकोकडं पाहिलं. तिनं पदर नीट केला. "माझं वेरूळ हेच," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पोरगं शुद्धीवर आलं आणि त्या बाईशी बराच वेळ बोललं. मग तिनं मला बाहेर बाकावर बसवलं. गोळ्या सोडलेलं पोरगं मधे एखाद्या वेळी घसरतं, म्हणाली. घसरलं तर त्यानं लगेच घरात सांगायचं, हे तिनं त्याला शिकवलं होतं. सांगितलं की सावरता येतं. त्या सकाळच्या आदल्या दिवशी त्यानं एक गोळी घेतली होती. एकच. मायला सांगायच्या आधी तो माझ्याकडं आला, कारण शपथ मी घातली होती.

"तुम्ही काय म्हणालात त्याला?"

"तो सायकलच्या चेनचं बोलला."

"काका, तो खरं सांगायला आला होता."

"आमच्यात शपथ मोडत नाहीत, बाई."

"मोडली होती. तुम्ही ऐकायचंच राहिलं होतं."

तुमचं वय काय आणि मला काय शिकवता, असं म्हणून मी उठलो.

पुढच्या सोमवारपासून मीही जायला लागलो. पोरगं त्या बाईला म्हणालं, "बाला बाहेर बसू द्या." वर्षभर मी बाहेरच्या बाकावर बसलो. आत मायलेकरं बोलायची. कधी त्याचं हसू ऐकू यायचं. घरात मी असताना तो तसा हसत नव्हता.

बेल-भंडार खोटा, असं मी आजही म्हणणार नाही. पण बांध जागचा हलत नाही आणि पोरगं हलतं, हे मला कोणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं.

आता तो वाळूजला कंपनीत आहे, बायको-लेकरं आहेत. मधे एका उन्हाळ्यात तो एकटाच पंधरा दिवस आमच्याकडं येऊन राहिला. कावीळ झालीय, त्याची माय म्हणाली. मी रोज गुऱ्हाळावर बरणी घेऊन जायचो, चरक समोर धुऊन घ्यायचो आणि बिनबर्फाचा उसाचा रस आणायचो. तो पेला रिकामा करायचा, म्हणायचा, "बरं वाटतंय, बा."

गेल्या साली सुनबाई बोलता बोलता म्हणाली, "गोळ्या परत सुरू झाल्या होत्या तेव्हा इथं येऊन राहिले, म्हणून सावरले." थोरल्याला ठाऊक होतं. लेकीला ठाऊक होतं. ती बोलत असताना माझी बायको खाली मान घालून मेथी निवडत होती.

सुनबाई दचकली. "मामंजी, तुम्हाला सांगितलं नव्हतं का यांनी?"

"सांगितलं होतं," मी म्हणालो. "मलाच आधी सांगितलं होतं."