पाण्यात बसलेला वाघ

चांद्याच्या आमच्या फोटो स्टुडिओत फोटो माणसांचे निघत, पण रस्त्यावरच्या काचेच्या खिडकीत माणूस औषधालाही नसायचा. हे आमच्या ह्यांचं खूळ. नवरानवरीचा, बारशाचा, वारलेल्या वडिलांचा फोटो ज्यानं त्यानं आपल्या भिंतीवर लावावा. रस्त्यानं जाणाऱ्याला त्यानं कधी न पाहिलेलं दाखवावं, असं ह्यांचं म्हणणं. म्हणून खिडकीत आमच्या किल्ल्याच्या दरवाजावरचा हत्तीला दाबून धरणारा सिंह असे, शहरातल्या जुन्या राजांची समाधी असे, मार्कंड्याच्या देवळावरच्या मूर्ती असत, नागपूरच्या विमानतळावर उभं असलेलं विमान असे, ताडोब्याच्या तळ्याकाठी ऊन खात पडलेली मगर असे. नवं गिऱ्हाईक दारातूनच बिचकत विचारायचं, "इथी माणसाचे फोटो काढता न?" मी म्हणायची, "काढतो की. फक्त मगरीइतकं गप बसायचं."

दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत गावोगावी मंडई भरते. पुण्याकडच्या माणसाला मंडई म्हटलं की वांगी दिसतात. आमची मंडई म्हणजे जत्रा. लेकीबाळी माहेरी येतात, पाहुणे जमतात, पाळणे येतात, नाटकं होतात. ह्यांनी खिडकीतलेच फोटो मोठे करून पुठ्ठ्यावर चिकटवले आणि हिवाळाभर बैलगाडीतून मंडया करायच्या ठरवल्या. घरच्या चादरींची कनात, आत दोऱ्यांवर टांगलेले फोटो. बोलायचं काम माझ्याकडे, कारण ह्यांना चार माणसांपुढं बोलायला सांगितलं तर घसा बसायचा. मला नाही बसायचा. हातात लांब काडी घेऊन मी राजांची समाधी सांगायची, मगर सांगायची, विमान सांगायची, आणि कनातीबाहेरची माणसंसुद्धा कान देऊन उभी राहायची. बायकांनी असं पुढं होऊन बोलावं का, अशी कुजबूज कुठं कुठं झाली. मी आवाज आणखी चढवला.

सगळ्यात जास्त प्रश्न विमानाला. डोक्यावरून जाताना सगळ्यांनी पाहिलेलं, पण खाली उभं असलेलं कोणीच नाही. "एवढं मोठं हाय, तं वर गेल्यावर चिमणीएवढं काऊन दिसते?" "त्याले वारा लागला तं हालते का?" एका म्हाताऱ्या बाईनं त्याच्या खिडक्या नीट पाहून विचारलं, "अन् चूल कुठी मांडतात?" मी सांगितलं, विमानात चूल नसते. ती म्हणाली, "मंग लांब नसन जात."

आता वाघाचं सांगते. त्या काळी वाघाचा फोटो म्हणजे मेलेला वाघ. वाघ आडवा, त्याच्या पाठीवर साहेबाचा बूट, हातात बंदूक. ह्यांनी असे फोटो पोटासाठी पुष्कळ काढले आणि दर वेळी घरी येऊन जेवण नीट केलं नाही. जिवंत वाघाचा एक तरी काढीन, असं त्यांच्या मनानं घेतलं. ऐन उन्हाळ्यात मोहर्लीकडच्या एका गावाजवळ नाल्याच्या डोहावर ते मचाणावर बसले. डोह गावकऱ्यांनी दाखवला, मचाणही त्यांनीच बांधून दिलं आणि ते आपापल्या कामाला निघून गेले. भर दुपारी वाघ आला. उलटा वळून मागच्या अंगानं पाण्यात उतरला, गळ्यापर्यंत बुडाला आणि म्हाताऱ्या सासऱ्यासारखा निवांत बसून राहिला. कॅमेऱ्याची कळ वाजली तशी त्यानं मान वर केली. तो बघत असतानाच ह्यांनी पुन्हा कळ दाबली. तोच तो फोटो. अंधाऱ्या खोलीत तो उमटताना मी शेजारी होते. कागदावर आधी पट्टे आले, मग डोळे आले, आणि मी ट्रे सोडून दारापर्यंत मागं सरले. ह्यांना त्याचा फार आनंद झाला.

खिडकीत तो फोटो लागला आणि रस्त्यावर गर्दी झाली. आमच्या शहरात एक निवृत्त शिकारी साहेब होते, घरात वाघांची मुंडकी टांगलेले. तेही आले. काठीवर रेलून त्यांनी फोटो पाहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "जिवंत वाघ असा बसत नाही. मेलेला आणून पाण्यात टेकवलाय." एवढं बोलून गेले. दुसऱ्या दिवसापासून बाजारात जो भेटेल तो ह्यांना विचारी, "काय हो, वाघाले टेकू कायचा देला होता?" इतक्या वर्षांत कुणाच्या फोटोत ह्यांनी तीळसुद्धा रंगवला नव्हता. त्यांना लबाड म्हटलं गेलं, याचा मला असा संताप आला की साहेबांच्या घरासमोरून जाताना मी पदर तोंडावर न घेता मुद्दाम मान ताठ करून जायची. हे मात्र भांडले नाहीत. त्यांनी वाघ खिडकीतून काढला.

मंडईचे दिवस आले तेव्हा म्हणाले, "डोहाच्या गावाला हा नेऊ. ती माणसं वाघाच्या शेजारी राहतात. त्यांनी मेलेला म्हटलं तर मी हा फाडून टाकीन आणि खिडकीत नवरानवरी लावीन." ते बोलल्याप्रमाणे करणारे होते. बैलगाडीत वाघाचा पुठ्ठा मी माझ्याजवळच ठेवला.

त्या गावी मंडई जोरात होती. मी राजे सांगितले, विमान उडवलं, मगर झोपवली. वाघ सगळ्यांत शेवटी ठेवला होता, कापड टाकून. पुढं बसलेल्या बायकांकडं पाहून मी कापड ओढलं. एरवी वाहवा व्हायची. इथं तसं झालं नाही. बायकांनी पदर डोक्यावर ओढले, लेकरं उचलली आणि तोंड न वळवता मागं मागं सरत त्या कनातीबाहेर गेल्या. कुणीतरी पाटलांना बोलावून आणलं. पाटील म्हातारे, पण कडक. त्यांनी एकदाच फोटोकडं पाहिलं.

"बाई, हे कोणाले इचारून गावात आणलं?"

"काऊन? काय झालं भाऊ?"

"हा इथी नाई चालत. आताच्या आता गावाबाहेर न्या."

झालं. ह्यांचा चेहरा उतरला. ते दोऱ्या सोडायला लागले. विमान खाली आलं, सिंह खाली आला. वाघाच्या पुठ्ठ्याला त्यांनी हात घातला तेव्हा तो फाडतात की काय असं मला वाटलं, आणि माझं डोकं फिरलं. मी हातातली काडी आपटली.

"असं कसं भाऊ? मांगच्या साली शिकाऱ्यानं मारलेला वाघ तुमीच तं खांद्यावर घेऊन, डफडं वाजवत गावात आणला होता! आमच्या ह्यांनीच फोटो काढला त्याचा. तो चालला, अन् आमचा कागदाचा चालत नाई?"

पाटलांनी माझ्याकडं असं पाहिलं की एवढंही या बाईला कसं कळत नाही.

"तो मेला होता न बाई. मेल्याचं काय भेव? लेकरं त्याच्या मिशा ओढून राह्यले होते." मग त्यांनी फोटोकडं न पाहता नुसता हात केला. "हा जिता हाय. हा पाहून राह्यला. जित्या वाघाले शिवेच्या आत नाई आणत. त्याची जागा शिवेवर, वाघोबाच्या दगडापाशी. तोंड जंगलाकडं करून ठेवा."

ह्यांचे हात थांबले. घसा खाकरून, भर मंडईत, चार माणसांपुढं हे बोलले.

"पाटीलभाऊ, काय म्हणाले तुमी? अजून एकदा सांगा."

"जिता हाय म्हटलं!" पाटील चिडले. "ऐकू येत नाई का? उचला लवकर!"

ह्यांनी वाघ दोन्ही हातांनी छातीशी धरला आणि निघाले. पाळणे थांबले. लाडूवाला दुकान उघडं टाकून उठला. अख्खी मंडई जरा अंतर राखून आमच्या मागं शिवेकडं चालायला लागली, आणि त्या बायकाही पदराआडून पाहत आल्या. गावाबाहेर काढल्यावर छाती पुढं काढून चालणारा माणूस मी आयुष्यात तेवढा एकच पाहिला, आणि तो माझा नवरा होता.