पाहुणीला घाटात राग आला

सोमवारी सकाळी फोन येणार होता आणि त्याआधी आमच्या हातात शुक्रवार, शनिवार, रविवार होते. अडचण आली की मी आधी वेळ किती आहे ते बघते, मग काय करता येईल ते लिहून काढते. या वेळी लिहायला बसले आणि कागद कोराच राहिला.

आमची मुलगी विद्यार्थी-अदलाबदलीच्या एका कार्यक्रमातून वर्षभरासाठी डेन्मार्कला गेली होती. तिथल्या एका कुटुंबात राहत होती. त्या बदल्यात त्याच कुटुंबातली मुलगी सोलापूरपलीकडच्या मुरुम गावात आमच्या घरी राहायला आली. उंच, शांत, हसरी. मला काकू म्हणायची, माझ्या नवऱ्याला काका आणि माझ्या सासूबाईंना, सगळं घर म्हणतं तसं, अव्वा. पावसाळ्यात आली, दिवाळी आमच्यात केली, आणि रानात ज्वारी गुडघ्याला आली तेव्हा कार्यक्रमाच्या समन्वयकांचा सोलापूरहून फोन आला.

"मॅडम, तिनं घर बदलून मिळेल का असं विचारलंय. पुण्यात एक कुटुंब तयार आहे."

"आमचं काही चुकलं का?"

"तेच तर. तक्रार काहीच नाही. तुम्ही सगळे फार चांगले आहात म्हणते. सोमवारी तिच्याशीच बोलतो, मग ठरवू."

मी शाळेची मुख्याध्यापिका आहे. पालकांची तक्रार असली की तिच्यावर उपाय असतो. इथं तक्रार नाही, आणि घर मात्र नको. करायचं काय?

आम्ही तिच्यासाठी काही बाकी ठेवलं नव्हतं. आमच्या मुलीची खोली तिला दिली होती. भाजीत तिखट निम्म्यावर आणलं होतं. सकाळी अंघोळीचं पाणी तापवून बादली आत नेऊन ठेवायची, कपडे इस्त्री करून द्यायचे. जेवण झालं की ती ताट घेऊन उठायची आणि अव्वा ते तिच्या हातातून काढून घ्यायच्या. "ठेव ग बाळा. पाहुणी पोर तू." तिनं झाडू घेतला की मी तो घ्यायचे. अव्वा घरात निम्मं कानडी बोलतात. त्यातला तिनं उचललेला पहिला शब्द होता साकु, म्हणजे पुरे. भाकरी वाढणाऱ्या हातापुढं तोच एक शब्द चालायचा, तोही नेहमी नाही.

तिकडं आमच्या मुलीचा दर रविवारी फोन यायचा. भांडी तिच्याकडं, आठवड्याला एकदा संडास-बाथरूम तिच्याकडं. ती हसत सांगायची, पण अव्वांचा जीव वरखाली व्हायचा. "परक्याच्या लेकराला संडास घासायला लावत्यात? कसली माणसं म्हणायची ही!" आमच्या घरच्या पाहुणीचं ताट मग जरा जास्तच घाईनं उचललं जायचं.

समुद्राची कल्पना नवऱ्याची. त्यांचं बी-बियाण्यांचं दुकान आहे आणि ते फार बोलत नाहीत. फोनचं सांगितल्यावर म्हणाले, "पोरगी समुद्राकाठची हाय. तिचं घर पाण्यापासून चालत जाण्याइतकं. इथं चारी बाजूंनी काळं रान. जीव घुसमटत असंल. रत्नागिरीला नेऊन आणू."

मला हे पटलं. पटलं म्हणजे कागदावर लिहिण्याजोगं काहीतरी मिळालं. शुक्रवारी शाळेला स्थानिक सुट्टी होती. जायला एक दिवस, समुद्राला एक, यायला एक. राहायची सोय एका घरगुती ठिकाणी केली. शाकाहारी स्वयंपाकाची भांडी वेगळी आहेत ना, हे फोन करून विचारलं. कडक भाकरी, शेंगाचटणी, धपाटे, औषधांची पिशवी, टॉवेल, अव्वांची उशी. आणि पिण्याच्या पाण्याचे दोन जार.

"मॅडम, कोकणात पाणी न्यायलाव आपण," नवरा जार डिकीत चढवता चढवता म्हणाला. "तिथनं येताना रेती आणायची का?"

"बाहेरचं पाणी कुणाला बाधलं तर तुम्ही निस्तरणार आहात का?"

अंधारात निघालो, जळकोटला मागच्या काचेत उजाडलं. सोलापूर, मंगळवेढा, सांगोला, रस्ता सरळ आणि वेळ कागदावरच्याप्रमाणे. मागं अव्वा आणि पाहुणी. दर गावाला अव्वा तिच्या हातात काहीतरी खायला ठेवत होत्या आणि ती साकु म्हणत होती. मी आरशातून तिच्याकडं बघत होते. ती खिडकीबाहेर बघत होती. चेहऱ्यावर काही वाचता येत नव्हतं.

कोल्हापूर सोडलं तेव्हा मी सगळ्यांना गाडी लागू नये म्हणून गोळ्या दिल्या. अव्वांना, नवऱ्याला, पाहुणीला. स्वतः घेतली नाही, कारण मला गाडी लागत नाही. म्हणजे आमच्याकडच्या रस्त्यांवर लागत नाही. आमच्याकडं वळण म्हणजे फाटा.

आंबा घाटाच्या तिसऱ्या-चौथ्या वळणाला मी गाडी थांबवायला सांगितली आणि दार उघडून कठड्यापर्यंत जेमतेम पोचले.

पुढचं फार सांगण्यासारखं नाही. नवरा गाडी बाजूला घेत होता, अव्वांना उतरता येत नव्हतं. कुणीतरी मागून येऊन माझे केस धरले, कपाळाला गार हात लावला. पाहुणी होती. माझी साडी खराब झाली होती. तिनं जारमधलं पाणी आणून ती धुवायला घेतली, हातानं, घासून. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अगं नको, तू बस. तू पाहुणी..."

"काकू, साकु!"

ती ओरडली. तीन महिन्यांत पहिल्यांदा तिचा आवाज चढलेला मी ऐकला. डोळ्यांत पाणी, हातात माझा पदर. मोडक्या मराठीत, मधे मधे इंग्रजीत, ती जे बोलली ते असं: "घरी मला काही करायचं नाही. ताट नाही, झाडू नाही. मी बसते. रोज बसते. हॉटेलमध्ये आहे तशी. तुमची मुलगी माझ्या घरी काम करते, माझी आई तिच्यावर चिडते पण. माझ्यावर इथं कुणी चिडत नाही. मी कुणाचीच नाही."

मी कठड्याला धरून उभी होते. खाली दरी होती. 

गाडीतून अव्वांचा आवाज आला. "काय झालं? ही कशापायी रडायली?"

नवऱ्यानं खिडकीत वाकून सांगितलं. "तिला काम पायजे म्हणती."

"काय पायजे?"

"काम. आपण तिला काम करू देत न्हाय म्हणून रडायली."

अव्वांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. मग म्हणाल्या, "अगं माय! मग आधी सांगायचं न्हाय व्हय? माझं गुडघं धरून धरून भाकऱ्या थापायलाव मी रोज!"

त्या दिवशी मी मागच्या सीटवर अव्वांच्या मांडीवर डोकं ठेवून आडवी झाले आणि पाहुणी पुढं बसली. पिशव्या तिच्या ताब्यात गेल्या. तिनं धपाटे काढून वाटले, चटणीचं झाकण नीट लावलं नाही, चटणी टॉवेलवर सांडली. मी पाहिलं. बोलायला तोंड उघडलं आणि एरवीसारखं "असू दे, असू दे" म्हणणार होते. त्याऐवजी म्हटलं, "झाकण फिरवून लावायचं असतं गं, दाबून नाही."

ती वळून माझ्याकडं बघून हसली. आता तो चेहरा वाचता आला.

मुक्कामाच्या घरची बाई आमचे जार उतरताना बघून अंगणात उभीच राहिली. "अहो वहिनी, पाणी कशाला हो आणलंत? आमची विहीर आटली असं कुणी सांगितलं तुम्हाला?" नवरा माझ्याकडं न बघता आत गेला. रात्री जेवण झाल्यावर पाहुणीनं सगळ्यांची ताटं गोळा केली. सवयीनं अव्वांचा हात पुढं झाला, हवेत थांबला, आणि मागं आला. "नीट घास," त्या म्हणाल्या. "काठाला तेल राहातं."

शनिवारी सकाळी आरे-वारेच्या बाजूनं गणपतीपुळ्याला निघालो. त्या रस्त्यावर एका वळणाला समुद्र एकदम खाली दिसतो. नवऱ्यानं न सांगता गाडी थांबवली. कुठंतरी मासळी वाळत घातली होती. अव्वांनी पदर नाकाला लावला आणि पाहुणीनं छाती भरून वास घेतला. "माझं गाव," ती म्हणाली.

"असला वास येतो तुझ्या गावाला?" अव्वा म्हणाल्या. "आन् तिथं माझी नात ठेवलीय."

खाली पुळणीवर गेल्यावर मी सगळ्यांच्या चपला पाण्याच्या कडेपासून थोड्या अंतरावर एका रांगेत लावल्या. पाहुणी म्हणाली, "काकू, वर ठेवा. लांब."

"पाणी तिकडं आहे की."

आमच्याकडच्या तळ्याचं पाणी उन्हाळ्यात मागं सरतं आणि पावसाळ्यात पुढं येतं. एवढंच मला पाण्याचं चालणं ठाऊक. समुद्राचं पाणी सकाळभरात आपल्याकडं चालत येतं, हे पुस्तकात शिकवलं असूनही चपला काढताना आठवलं नाही. अव्वा पाण्यात जायला तयार नव्हत्या. पाहुणीनं त्यांचं नऊवारी गुडघ्यापर्यंत वर खोवून दिलं, दोन्ही हात धरले आणि पाठमोरी चालत त्यांना आत नेलं.

"नीट धर ग! सोडलीस तर बघ!"

"अव्वा, ये. अजून ये."

"अजून काय? जीव घेतीस का माझा?" लाट पायावर आली तशा त्या किंचाळल्या, आणि मग इतक्या हसल्या की नवऱ्यानं फोन काढून फोटो घेतला. आमच्या घरात अव्वांचा हसताना फोटो तो एकच आहे.

परत आलो तर चपलांची रांग मोडली होती. बाकीच्या ओल्या वाळूत सापडल्या, अव्वांची डावी गेली ती गेलीच. पाहुणी पाण्यात शिरून शोधून आली. तिनं माझ्याकडं बघून भुवया वर केल्या.

"बोल," मी म्हटलं. "चिडायचं असंल तर चीड."

"मी सांगितलं होतं, काकू!"

"सांगितलं होतंस बाई. चुकलं."

गणपतीपुळ्याच्या बाजारात अव्वांना रबरी सपाता घेतल्या, निळ्या. त्यांना त्या आवडल्या नाहीत आणि अजून त्याच वापरतात. रविवारी घाट चढताना मी गोळी घेतली. पाहुणीनं पाणी देऊन समोर घ्यायला लावली.

सोमवारी फोन आला तेव्हा मी शाळेत जायच्या घाईत होते. पाहुणी स्वयंपाकघरात अव्वांसमोर बसली होती. मनगटापर्यंत ज्वारीचं पीठ, परातीत काहीतरी चौकोनाच्या जवळपासचं.

मी फोन पुढं केला.  घाटात काय झालं ते झालं. पुण्याचं घर अजून तयारच होतं आणि ती काहीही म्हणू शकली असती.

"हात खराब आहेत," ती म्हणाली. "काकू, तुम्ही सांगा ना."

"काय सांगू?"

तिनं परातीकडं पाहिलं. मग माझ्याकडं. "मी इथं आहे. सांगा."

"आन् त्यास्नी म्हणावं," अव्वा मान वर न करता म्हणाल्या, "इतक्यात काय फोन करू नगा. हिची भाकरी गोल व्हायला लई दिवस लागायलेत."

समन्वयकांनी हे सगळं ऐकलं असावं, कारण ते हसत होते.

पुढच्या रविवारी नेहमीप्रमाणे आमच्या मुलीचा फोन आला. मी तो अंगणातच स्पीकरवर लावला. पलीकडून कुरकुर सुरू झाली: थंडी आहे, अंधार लवकर पडतो, आणि या आठवड्यात बाथरूमची पाळी पुन्हा तिच्यावरच आली. मी अव्वांकडं पाहिलं. त्या निळ्या सपाता पायात घालून अंगणात उभ्या होत्या आणि पाहुणी पातेल्यांवर राख जास्त वापरते का, यावर लक्ष ठेवून होत्या.

"मग घास की," अव्वा फोनकडं तोंड करून म्हणाल्या. "पाहुणी हायेस व्हय तू तिथं?"