ताटातल्या तांदळातलं नाव

शुक्रवारी सकाळी फळं चिरताना देवयानीचा फोन किणकिणला, आणि तेव्हापासून सोमवारपर्यंत एकही घास तिला धड गिळता आला नाही.

न्यूझीलंडमधल्या पोरिरुआ गावातल्या एका बालवाडीच्या स्वयंपाकघरात ती अकरा वर्षं काम करते. चाळीस पोरांची सफरचंदं, किवी, दुपारचं जेवण, मधल्या वेळचं दूध. एखादं पोर हटून बसलं की तिथल्या बाया त्याला आणून देवयानीच्या ओट्याशी सोडतात. ती त्याच्या हातात एक वाटाण्याची शेंग देते, ‘सोल बघू’ म्हणते, आणि पोर गप्प होतं. मागच्या वर्षी मोठ्या बाईच तिला म्हणाल्या, “तू नुसती फळं काय चिरत बसलीस? शीक आणि शिक्षिका हो.” हो म्हणायला तिनं आठ महिने घेतले. मग अर्ज भरला, मुलाखत दिली, आणि वेलिंग्टनच्या टेकडीवरच्या विद्यापीठात पहिल्या वर्षाला नाव लागलं. वय वर्षं पंचेचाळीस. सोमवारी ओरिएंटेशन होतं, म्हणजे नव्या पोरांना सगळं दाखवायचा, सांगायचा दिवस.

आणि आज फोनवर विद्यापीठाचं हे पत्र. बारावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव आणि पासपोर्टवरचं नाव जुळत नाही. सोमवारी येताना पुरावा आणावा. तोवर प्रवेश थांबवून ठेवला आहे.

तिनं ते तीनदा वाचलं. मग सुरी बाजूला ठेवली, कारण लक्ष चिरण्यात नव्हतं आणि किवी निसरडं असतं.

नाव जुळणार कसं? गुणपत्रिकेवर होतं सुनीती राजाराम खटावकर. पासपोर्टवर देवयानी गुरुनाथ धामणकर. दोन्ही तीच. सव्वीस वर्षांपूर्वी सांगलीला लग्न झालं, त्या दिवशी चांदीच्या ताटात तांदूळ पसरले आणि गुरुनाथनं अंगठीनं त्यात नवं नाव लिहिलं. सासरी मोठ्या नणंदेचं नाव सुनीतीच होतं. एका घरात दोन सुनीती झाल्या तर हाक मारल्यावर कुणी यायचं? सासूबाईंनी तोड काढली. नव्या सुनीतीची देवयानी झाली. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही आहे असं तेव्हा कुणाच्या मनात आलं नाही, देवयानीच्याही नाही. दुसऱ्या दिवशी त्या तांदळाचा भात झाला आणि तो तिनंही खाल्ला.

बरं, एवढंच असतं तरी निभावलं असतं. पण न्यूझीलंडला यायच्या वेळी लग्नाचा दाखला लागला. एजंट होता घाईतला. तो म्हणाला, “वहिनी, दोन-दोन नावं कशाला? उगाच प्रश्न विचारतात.” आणि त्यानं दाखल्यावर नवरीचं माहेरचं नाव लिहवून आणलं: देवयानी राजाराम खटावकर. अशी बाई या पृथ्वीवर कधी जन्मलीच नव्हती. तरी तिचं लग्न झालं, तिला व्हिसा मिळाला, आणि पुढं तिनं राणीच्या फोटोसमोर उभं राहून नागरिकत्वाची शपथही घेतली.

देवयानी घाबरली होती ती याला. एक धागा ओढला आणि सगळा स्वेटर उसवला तर?

संध्याकाळी तिनं गुरुनाथला पत्र दाखवलं. गुरुनाथ वेलिंग्टनला एका सरकारी खात्यात कॉम्प्युटरचं काम करतो. माणूस सरळ आहे. पिवळा दिवा दिसला की पन्नास मीटर अलीकडून ब्रेक लावतो. पत्र वाचून तो खुर्चीत बसला आणि बुटाची नाडी सोडायची विसरला.

“मग काय करायचं म्हणतेस?”

“खरं सांगायचं.”

“कुठपर्यंत खरं?” त्यानं उगाचच दाराकडं पाहिलं. “सुनीतीची देवयानी झाली इथपर्यंत ठीक आहे. पण पुरावा म्हणून लग्नाचा दाखला मागितला तर? तो बघितला की तिसरीच बाई निघते. मी सरकारी नोकर आहे गं. श्रिया इथं शिकतेय. इतकी वर्षं कुणी विचारलं नाही, आता तूच जाऊन सांगणार?”

“म्हणजे जाऊ नको म्हणता?”

“तसं नाही म्हणत.” तो नाडी सोडायला वाकला. “पण नाही गेलीस तर काय बिघडलं? बालवाडी आहेच की.”

तो हे वाईट मनानं बोलला नव्हता. तो तिच्याइतकाच भ्यायला होता, एवढंच. पण देवयानीला एकदम आठवलं, हेच वाक्य तिच्या वडिलांनी एकदा म्हटलं होतं. बारावीला एकाहत्तर टक्के मिळाले होते, कॉलेजचा फॉर्म भरला होता, आणि मार्गशीर्षात लग्न ठरलं. नाही गेलीस तर काय बिघडलं? तेव्हा तिनं मान डोलावली होती. या वेळी तिनं डोलावली नाही. कूकरची शिट्टी झाली, तशी उठून गेली.

शनिवारी दुपारी तिनं सासूबाईंना व्हिडिओ कॉल लावला. तिकडं सकाळ होती. सुरेखाबाई ब्याऐंशीच्या, नुकती पूजा आटपून चहा घेत बसल्या होत्या. फोन अशा धरतात की फक्त कपाळ आणि पंखा दिसतो.

“आई, लग्नानंतर नाव बदलल्याचा एक स्टँपपेपर केला होता. तो आहे का हो कुठं?”

“कसला पेपर?”

“प्रतिज्ञापत्र. मामंजींनी केलं होतं.”

“अगं, ते गेले त्याला बारा वर्षं झाली. त्यांच्या कपाटात चष्म्याच्या अकरा डब्या निघाल्या, कागद काही निघाला नाही. कशाला पाहिजे आता?”

देवयानीनं सांगितलं. पलीकडं चहाचा कप खाली ठेवल्याचा आवाज आला.

“देवयानी नाव आवडलं नव्हतं का गं तुला?” सासूबाईंनी विचारलं.

“विचारलं कुठं होतं तुम्ही?”

हे तोंडातून निघून गेलं आणि देवयानीच दचकली. सासूबाईंना उलट बोलायची ही सव्वीस वर्षांतली पहिली वेळ. ती फोनकडं न बघता टेबल पुसायला लागली.

“नाही विचारलं,” सासूबाई म्हणाल्या. आता कपाळाच्या जागी त्यांचा एक डोळा दिसत होता. “मलाही कुणी विचारलं नव्हतं. माझं माहेरचं नाव चिमा. गुरूलासुद्धा ठाऊक नाही. थांब, अल्बम काढते.”

तासाभरानं फोनवर एक फोटो आला. ताट, तांदूळ, अंगठी धरलेला गुरुनाथचा हात, आणि कडेला हिरव्या चुड्याचे दोन हात मांडीवर घट्ट धरलेले. तांदळात ‘देवयानी’ स्पष्ट वाचता येत होतं. खाली सासूबाईंचा निरोप होता: सुनीतीची देवयानी झाली तो हा फोटो, दाखव. साक्षीदार पाहिजे असेल तर मी आहे.

श्रिया मागून येऊन फोनमध्ये डोकावली. ती एकोणीस वर्षांची, त्याच विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला. मराठी सगळं कळतं, बोलते आपल्या मर्जीनं.

“वेट. हे काय आहे? हू इज सुनीती?”

“मी.”

“व्हॉट डू यू मीन, मी?”

मग तिला सगळं सांगावं लागलं. माहेरी देवयानीला सगळे माई म्हणायचे, त्यामुळं पोरीला हे कधी कळायची वेळच आली नव्हती. श्रिया ऐकत ऐकत खुर्चीवर उकिडवी बसली.

“सो त्यांनी राईसमध्ये लिहिलं आणि तू ओके म्हणालीस? आई! माझ्या शाळेत मला कुणी ‘श्रेया’ म्हटलं तर तू प्रिन्सिपॉलकडे गेली होतीस.”

“ते वेगळं.”

“हाऊ?”

देवयानीनं विषय बदलायला म्हणून नव्या वह्या पुढं ओढल्या. चार वह्या तिनं खाकी कागदाचं कव्हर घालून, कडा दुमडून, वर पांढरी पट्टी चिकटवून तयार ठेवल्या होत्या. पट्ट्या कोऱ्याच होत्या. नाव काय लिहायचं तेच ठरत नव्हतं.

“आई, प्लीज. कव्हर कोण घालतं? सगळे लॅपटॉप आणतात.”

“लॅपटॉपला घालू का मग?”

श्रिया हसली आणि तिच्या गळ्यात पडली. “मी सोमवारी तिथं व्हॉलंटिअर आहे, पिवळा टी-शर्ट. घाबरू नकोस. स्वीट ॲज, सगळं मस्त होईल.”

“तू मला ओळख दाखवू नकोस तिथं. तुला लाज वाटेल.”

“हीप्स, ढीगभर वाटेल,” श्रिया म्हणाली. “तरी दाखवणार.”

सोमवारी देवयानी साडेआठच्या गाडीत बसली ती पिशवी पोटाशी धरूनच. श्रिया पहाटेच पुढं गेली होती. पिशवीत गुणपत्रिका, पासपोर्ट, छापून घेतलेला फोटो, आणि अगदी तळाशी, वर्तमानपत्रात गुंडाळलेला लग्नाचा दाखला. तो घ्यायचा की नाही हे ती सकाळपासून चारदा ठरवून चारदा बदलत आली होती. गुरुनाथ दारात उभा राहून एवढंच म्हणाला होता, “विचारलं तरच काढ.” समुद्राच्या कडेनं गाडी चालली होती, पण तिनं खिडकीबाहेर पाहिलं नाही. मनातल्या मनात ती इंग्रजी वाक्यं जुळवत होती, आणि बोगदा आला की सगळी मोडत होती.

टेकडीवर वारा असा की पोरींचे केस सरळ उभे. जिकडं तिकडं पोरं, तंबू, गाणी, सॉसेज भाजल्याचा वास. कुणाच्या पायांत जँडल्स, म्हणजे रबरी चपला, कुणी अनवाणीच. हिच्या पायांत पॉलिश केलेले काळे बूट. दोघांनी तिला वाट विचारली, शिक्षिका समजून. तिला वाटलं इथूनच परत फिरावं, पुढची गाडी दहा पंचवीसला होती. पाय वळलेसुद्धा. तेवढ्यात लांबून पिवळ्या टी-शर्टातली श्रिया दोन्ही हात हलवत ओरडली, “आई! डावीकडचं दार!” शंभर पोरांच्या देखत, चक्क मराठीत. आता परत फिरणं अवघड झालं.

डावीकडच्या दारात कागदपत्रांचं टेबल होतं. मागं बसलेल्या बाईंच्या गळ्यात हिरव्या दगडाचा ताईत आणि छातीवर अरोहा नावाची पट्टी. “किया ओरा,” त्या माओरीत नमस्कार करत म्हणाल्या. देवयानीची जुळवलेली सगळी वाक्यं तिथंच पळाली. तिनं गुणपत्रिका ठेवली, पासपोर्ट ठेवला, आणि वर फोटो ठेवला.

अरोहाबाईंनी फोटो उचलून नीट पाहिला. “हे तांदूळ आहेत?”

“हो. माझं नाव आहे. म्हणजे, त्या दिवसापासूनचं.”

“आणि याच्या आधीचं हे?” त्यांनी गुणपत्रिकेवर बोट ठेवलं. “ठीक आहे. याची रीत आहे. तुम्ही लिहून द्यायचं की दोन्ही नावं माझीच, आणि जे.पी.समोर सही करायची. खाली लायब्ररीत बसलेत ते. फुकट असतं.”

देवयानीचा कानांवर विश्वास बसेना. एवढंच? दाखला मागितलाच नाही! आता गपचूप उठायचं, सही करायची आणि सुटायचं. गुरुनाथ म्हणाला होता तसं.

ती खाली गेली. सरकारनं सह्यांना साक्ष राहायला नेमलेला तो जे.पी. म्हणजे विणलेली बंडी घातलेले एक म्हातारे गृहस्थ. समोर फॉर्म, पेन आणि अर्धवट खाल्लेलं बिस्किट. तिनं दोन नावं लिहिली. त्यांनी फॉर्म फिरवून घेतला आणि सावकाश विचारलं, “यात लिहिलंय ते सगळं खरं आहे? याखेरीज आणखी कुठलं नाव कधी वापरलंत?”

हे ते प्रत्येकाला विचारत असतील. पण देवयानीला वाटलं, याला सगळं माहीत आहे. तिला डोळ्यांपुढं गुरुनाथ दिसला, न सोडलेल्या नाडीसकट. नाही म्हणायचं. एक शब्द.

तिनं पिशवीत हात घातला आणि तळाचा कागद काढून टेबलावर ठेवला.

“हे तिसरं,” ती म्हणाली. “ही बाई मी नाही. ही एजंटनं केली. पण तिच्या नावानं सही मी केली.”

म्हातारबुवांनी चष्मा लावून दाखला वाचला, घडी घातली, परत दिला. मग बिस्किटाची बशी तिच्याकडं सरकवली.

“लिहा तेही,” ते म्हणाले. “तिन्ही नावं, आणि कसं झालं ते दोन ओळींत. मी काही न्यायाधीश नाही, तुम्ही खरं बोललात एवढ्याचा साक्षीदार. नागरिकत्वाच्या कागदांत हे दुरुस्त करायला एक दिवस त्या खात्यात जावं लागेल, तिथं काय म्हणतील ते मला सांगता येणार नाही. पण हा कागद बरोबर न्या. आपणहून सांगितलंत, ते त्यात तारखेसकट राहील.”

तिनं लिहिलं. अक्षर वेडंवाकडं आलं, पण सगळं लिहिलं. भीती गेली असं नाही. त्या खात्यात जायचं राहिलंच होतं, आणि त्याआधी गुरुनाथला सांगायचं होतं, ते त्याहून अवघड. पण बिस्किट गिळता आलं.

वर अरोहाबाईंनी कागद पाहिला, कॉम्प्युटरवर काहीतरी दाबलं. “झालं. प्रवेश मोकळा. ओळखपत्रावर हाक मारायचं नाव कुठलं टाकू? वर्गात तेच घेतील.”

मागं वीसेक पोरांची रांग. देवयानीनं टेबलावरच्या फोटोकडं पाहिलं. मांडीवर घट्ट धरलेले ते दोन हात. घरी ती देवयानीच राहणार होती, बालवाडीतली पोरं हाक मारतात ती देवीही. पण कॉलेजचा फॉर्म जिनं भरला होता ती वेगळी होती, आणि ती अजून कॉलेजला गेली नव्हती.

“सुनीती,” ती म्हणाली. इतक्या हळू की पुन्हा सांगावं लागलं.

दुपारी वर्गात ती मागच्या रांगेत बसली. आजूबाजूला अठरा-अठरा वर्षांची पोरं. तिनं कव्हर घातलेली वही काढली आणि पट्टीवर पेन टेकवलं. पुढं एक तरुण मास्तर यादी वाचत होते. नावामागून नाव. मग ते थांबले, त्यांनी एक नाव घेतलं, कुणी ओ दिली नाही. पुन्हा घेतलं. देवयानीनं मान वर करून इकडंतिकडं पाहिलं. कोण बाई ही, पहिल्याच दिवशी गैरहजर?

शेजारच्या मुलीनं तिच्या गळ्यातलं कार्ड वाचलं आणि कोपरानं हळूच ढोसलं.

देवयानी ताडकन उभी राहिली. वही खाली पडली, सगळे मागं वळून बघायला लागले.

“आहे!” ती ओरडली, मराठीतच. “आहे, आहे.”