भात खेयेछो?

शेजारच्या घरातून मोहरीच्या तेलाचा उग्र वास आला आणि मला माझ्या माहेरच्या गावातली, कळसाडीतली ती दुपार आठवली.

गावात दवाखाना चालवणाऱ्या बंगाली डॉक्टरांची नवी बायको दिवसभर गप्प बसून असायची. तिला आमची अहिराणी कळत नव्हती. माझ्या आईनं डॉक्टरांकडून बंगालीतलं एकच वाक्य शिकून घेतलं, भाकरी थापताना घोकलं आणि तसाच वास येणाऱ्या तिच्या दारात जाऊन विचारलं, "भात खेयेछो?" म्हणजे जेवलीस का?

ती एकदम रडायलाच लागली.

"माय, तुन्हं काय चुकनं?" मी घाबरून विचारलं.

"काहीच नही चुकनं," म्हणत आई तिच्याजवळ बसली.

मला ते पटलं नव्हतं. लग्नानंतर मी चेन्नईला आले. पहिल्याच आठवड्यात आईनं फोनवर "जेवनी का?" विचारलं आणि मीही एकदम रडायलाच लागले.