गाठ नसलेला टाका

फोन आला तेव्हा मी बागेत तिचीच वाट बघत होते. पांगारा लाल फुलांनी भरला होता, त्यावर साळुंक्यांचा कल्ला चालला होता, आणि ही बाई कधी नव्हे ते उशीर करतेय म्हणून मी जरा वैतागले होते. तिचे यजमान, व्यंकटेशराव, फोनवर एवढंच म्हणाले, "वैनी, भाग्या गेली..." झोपेतच गेली होती. समोर साळुंक्या भांडतच होत्या.

भाग्या माझी ऑफिसातली मैत्रीण. विणकरांच्या तेलुगू घरातली. माहेरी माग होते, त्यामुळे सुताशी जन्माची ओळख. दोघी निवृत्त झालो, डॉक्टरांनी चालायला सांगितलं, म्हणून सोलापुरात आमच्या घरांजवळच्या महापालिकेच्या बागेत जायला लागलो. चालणं राहिलं बाजूला. भाग्या जागोजागी थांबायची. "अगं, एवढी झाडं सोडून हे सुरवंट लिंबावरच का बसायलेत?" मला काय ठाऊक! ठाऊक तिलाही नसायचं. पण त्याचाच तिला आनंद व्हायचा.

गेल्या चैत्रात, कुंपणाच्या भिंतीत उगवलेल्या उंबराच्या रोपट्यावर तिला शिंपी पक्ष्याचं घरटं दिसलं. दोन पानं कडेला कडा जुळवून शिवलेली, आत कापूस, आणि टाक्यांमध्ये कुठल्याशा कारखान्यातून उडून आलेलं टॉवेलचं गुलाबी सूत! भाग्या बघतच राहिली.

"गाठ कशी मारत असंल गं? नुसत्या चोचीनं?"

"मारत असेल कशीतरी."

"कशीतरी कशी? गाठ मारायला दोन टोकं धरावी लागतात की!"

मग रोज तिथेच मुक्काम. अंड्यांतून पिल्लं निघाली, आई-बापांची किडे आणायची धावपळ सुरू झाली, आणि एका सकाळी माळीकाका कोयता घेऊन हजर. वळसंगकडचे ते, तोंडाने फटकळ. "भिंत चिरायलीय, सायेब वरडायलेत. हे आज काढायचं हाय." भाग्याने वाद घातला नाही. "काढा की," म्हणाली, "पण आदी हितं या, वाकून बघा." काकांनी कुरकुरत वाकून पाहिलं. आतून इवल्या इवल्या चोची एकदम उघडल्या... काका बराच वेळ तसेच वाकलेले. उठले आणि म्हणाले, "उडू द्या. सायबाला मी सांगतो काय ते."

पिल्लं उडाली. मग काकांनी रोपटं तोडलं, पण ती शिवलेली पानं तेवढी भाग्यासाठी जपून ठेवली. बाकावर बसून तिने सुईच्या टोकाने एकेक टाका उकलला, आणि मोठ्याने ओरडली, "गाठच न्हाई गं!" सूत भोकातून ओढलेलं, बाहेर त्याचं टोक बोंडासारखं पिंजलेलं, आणि त्यावरच सगळा भार. घरी जाऊन तिने सुई-दोऱ्याने पानं शिवून पाहिली म्हणे. सगळी फाटली. दुसऱ्या दिवशी हे सांगताना ती इतकी हसली, की फेऱ्या मारणारी माणसं वळून बघायला लागली.

ती गेल्यावर काही आठवड्यांनी मी तिच्या घरी गेले. व्यंकटेशराव दिवाणखान्यात, टीव्हीच्या बोर्डाला मिक्सर लावून शेंगाचटणी करत होते. स्वयंपाकघर सोडून इथे कशाला, असं विचारलं, तर मला आत घेऊन गेले. ओट्यावरच्या बोर्डावर, प्लगच्या भोकांवरच, कुंभारमाशीने मातीचं घर लिंपलेलं. त्या पोकळीत कोळी भरून ठेवायचे, त्यावर अंडं घालायचं आणि तोंड बंद करायचं, हा तिचा उद्योग.

"मी खरडून काढणार होतो, वैनी. भाग्यानं हात धरला. म्हणाली, आतलं बाहेर येऊ द्या, मला बघायचंय..." त्यांनी ओट्याजवळच्या खिडकीकडे पाहिलं. "ती बागेत बोलवायची, तर मी कदी गेलो न्हाई. आता रोज उठलं की पहिली ही खिडकी उघडतो. बाहेर पडलं, तर जायला वाट नको का?"

चहा झाला. त्यांनी दोन खुर्च्या स्वयंपाकघरातच ओढल्या. मातीचा तो गोळा अजून बंदच होता.

"आतलं पिल्लू मुंगीएवढं असंल का मोटं?" त्यांनी हळूच विचारलं.

"ठाऊक नाही," मी म्हटलं. आणि आम्ही दोघं बघत बसलो.