चावणारा बादल

माझी पोस्टिंग तेव्हा पुण्यात, डॉग युनिटला होती. मी हवालदार. बादल काश्मीरहून आमच्याकडे आला तो जाळीच्या पिंजऱ्यातून. दीड वर्षांचा लॅब्रॅडॉर, सुरुंग हुंगून शोधणारा. त्याला सांभाळणारा हँडलर लान्स नाईक विठ्ठल स्फोटात गेला होता. बादलच्या अंगावर ओरखडाही नव्हता.

पहिल्याच सकाळी त्याने चावून माझा हात फोडला. मग स्वयंपाक्याला धरलं, मग केनेल झाडणाऱ्याला. घोंगडी फाडली, दार कुरतडलं. तरुण कुत्र्यांच्या खोडी मला नव्या नव्हत्या. दौड वाढवली, चघळायला हाड दिलं, चावला की पाठ फिरवून निघून गेलो. बहुतेक पिल्लं एवढ्यावर सुधारतात. बादल सुधारला नाही.

व्हेटरनरी कॅप्टन मॅडम म्हणाल्या, "हवालदार, सोमवारी बोर्ड."

"थोडा वेळ मिळेल, मॅडम?"

"नाही."

तपासणी बोर्डाने नापास केलेल्या कुत्र्याला त्या काळी कायमचं झोपवणारं इंजेक्शन देत. हवालदार असून मी जाळीपुढे बसून कुत्र्याच्या विनवण्या करत होतो. तो नुसता गुरगुरायचा.

रविवारी दुपारी गेटवरून फोन आला. मांजरी गावाहून विठ्ठलचे वडील आले होते. उसात राबलेला, वाळलेला माणूस.

"साहेब, तेवढं कुत्रं बघू द्या. माझ्या पोराला शेवटचं त्यानंच बघितलंय."

"काका, तो चावतो."

"चावू द्या."

मी पट्टा आवळून बादलला बाहेर आणलं. काका समोर उकिडवे बसून त्याच्याशी हळू बोलत राहिले. बादल शांत होता. मग काका गप्प झाले, बाजूला सरकले आणि त्यांनी त्याच्या मानेवर हात ठेवला. बादलने मनगट धरलं. मी पट्टा खेचला. रक्त आलं, पण काकांनी हात ओढला नाही.

"त्यालाबी राग हाय," ते म्हणाले. "काढायचा कुणावर?"

बादलने आपण होऊन मनगट सोडलं.

काका त्याच्या डाव्या अंगाला होते. मीही पहिल्या दिवशी डावीकडूनच गेलो होतो. स्वयंपाकीसुद्धा. मी धावत मॅडमना बोलावलं. त्यांनी बादलच्या मागे उभं राहून डाव्या कानाशी चुटकी वाजवली. तो हलला नाही. उजव्या कानाशी वाजवली, तसा गर्रकन वळला.

"स्फोटात कान गेलाय," मॅडम म्हणाल्या. "त्या बाजूने माणूस येतोय हे त्याला कळतच नाही."

त्यानंतर सगळे उजवीकडून, हाक मारत जाऊ लागले. चावणं हळूहळू थांबलं. बोर्डाने त्याला फील्डसाठी अनफिट ठरवलं, पण मॅडम भांडल्या आणि रिक्रूटना शिकवायला तो आमच्याकडेच राहिला.

आता मी निवृत्त होऊन पुण्यातच, विश्रांतवाडीत राहतो. लोक विचारतात, "अहो, पिल्लू चावतं, दोन फटके देऊ का?" मी म्हणतो, आधी डॉक्टरला दाखवा. फटके कुठे पळून जात नाहीत.

विठ्ठलला मी कधी पाहिलं नाही. पण बादलपुढे भांडं ठेवलं तरी तो तोंड लावत नसे. एकदा मी सहज मराठीत "घे रे राजा" म्हणालो, तेव्हा त्याने खाल्लं; मग रोज तसंच म्हणावं लागे. आमच्या ट्रेनिंगमध्ये असा हुकूम नव्हता. तो विठ्ठलचा होता, सुट्टीवर आल्यावर त्याने घरी सांगितला होता, हे काकांकडून कळलं. बादल जगला तोवर दोन्ही वेळा विठ्ठलचा हुकूम मी देत होतो.